थंडी, फॅशन आणि आपला खिसा

(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला)

थंडीवर लेख लिहायला निफाड तालुक्यातल्या माणसाला वेगळी पात्रता लागत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ मध्ये पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. अशा पहाटे आमच्याकडे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात, कारण गारठ्याने मण्यांना तडे जातात. द्राक्षांची एवढी काळजी घेणारे आम्ही लोक, सहाच्या एस.टी.ने कॉलेजला निघणाऱ्या पोरांना मात्र ‘कानाला काहीतरी बांध गं’ एवढे सांगून मोकळे होतो!

पण या लेखाचा विषय नुसती थंडी नाही, फॅशनही आहे. ‘फॅशन’ हा शब्द निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘ही श्रीमंतांची थेरं.’ दुसरा काहीच म्हणत नाही, पण मोबाईलवर पॅरिसचे फॅशन-शो बघत बसतो. मी प्रथम वर्षाला असताना या दुसऱ्या गटात होते आणि त्याची किंमत मी रोख मोजली आहे. ती हकिगत आधी सांगते, म्हणजे पुढचा उपदेश कोणत्या अधिकाराने करते आहे ते कळेल.

माझ्याजवळ आईचे एक तपकिरी कार्डिगन होते. कोपरावर रफू, एक बटण वेगळ्या रंगाचे. वर्गात बसताना मी तो कोपर बाकाखाली लपवीत असे. त्या वर्षी सगळीकडे फुगीर, चकचकीत जॅकेटांची लाट होती. तसलेच एक बाजारात ९०० रुपयांना दिसले. परीक्षेच्या फॉर्मसाठी दादांनी दिलेले पैसे पर्समध्ये होते. पुढचे सांगायला नको. आठवड्याभरात बगलेत शिलाई उसवली आणि आतला पांढरा भुगा बाहेर डोकावू लागला. दहाव्या दिवशी चेन बसली ती कायमची. फॉर्म मी विलंब शुल्कासह भरला, आत्याकडून उसने घेऊन. दादा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

आत्या शिवणकाम करते. पैसे देताना तिने जॅकेट उलटे करून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, ‘तुला यातलं नेमकं काय आवडलं होतं?’ मला उत्तर देता आले नाही. पुढची दोन वर्षे सुट्टीत तिच्या मशीनजवळ बसून आणि वाचनालयात पोशाखाच्या इतिहासाची मिळतील ती पुस्तके वाचून मी ते उत्तर शोधले. ते असे : महागड्या फॅशनमधली बरीचशी किंमत नावाची असते आणि कल्पना फुकट असते. आपण कल्पना घ्यावी, नाव दुकानात सोडून यावे.

गंमत अशी की, मोठमोठ्या फॅशनकारांनीही हेच केले आहे. पॅरिसच्या कोको शनेलने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ च्या सुमारास, जर्सी नावाच्या विणलेल्या कापडाचे पोशाख केले. हे कापड तोवर पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरीत. युद्धात भारी कापड मिळेना, म्हणून तिने हे घेतले. इव्ह सँ लोराँने १९६२ मध्ये स्वतःच्या नावाने पहिला संग्रह सादर केला, तेव्हा त्यात खलाशी घालतात तसला जाड, दुहेरी बटणांचा कोट होता. म्हणजे गरज आणि मेहनत करणाऱ्यांचे कपडे वर चढतात आणि फॅशन होऊन, दहापट किमतीला, पुन्हा आपल्यासमोर येतात. ते आपण थेट मूळच्या जागेवरून उचलले तर कोणाची चोरी होत नाही.

आता कल्पनेकडे वळण्याआधी शास्त्र. कपडा ऊब देत नाही, ऊब आपल्या अंगाचीच असते. कपडा फक्त ती अडवतो, आणि अडवण्याचे काम मुख्यतः धाग्यांमध्ये कोंडलेली हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. म्हणूनच लोकर गरम : तिचा तंतू नागमोडी असतो, त्यामुळे हवा अडकून राहते. म्हणूनच एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे, कारण मधल्या फटीतही हवा कोंडते. अमेरिकेत बॉनी कॅशिन या वेशभूषाकार बाईंनी १९५० च्या दशकात थरांवर थर घालण्याची हीच पद्धत फॅशनमध्ये रूढ केली. आपल्या आज्या सदऱ्यावर बंडी आणि बंडीवर शाल घालायला सांगत, ते याहून वेगळे नव्हते.

थर तीन धरावेत. अंगालगतचा घाम टिपणारा, मधला हवा कोंडणारा आणि बाहेरचा वारा अडवणारा. आपण चूक करतो ती बाहेरच्या थरात. विणलेल्या स्वेटरच्या भोकांतून वारा आत शिरला की कोंडलेली ऊबदार हवा उडून जाते. एस.टी.ची काच अर्धवट उघडी राहिली की हे शास्त्र पाठ होते. उपाय फुकटचा आहे : स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. हसू नका. ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीतले सायकलपटू डोंगर उतरताना हेच करीत आले आहेत.

आता प्रत्यक्ष कृती. मी स्वतः केलेल्या चारच गोष्टी सांगते.

पहिली, आईचे कार्डिगन. शनेलने १९५४ पासून लोकप्रिय केलेले जाकीट आठवा. कॉलर नाही, समोरून उघडे, पुढे खिसे आणि कडेने वेगळ्या रंगाची गुंफलेली पट्टी. त्याची सारी शान त्या पट्टीत आणि सरळ पडणाऱ्या खालच्या कडेत आहे. कड सरळ पडावी म्हणून अस्तराच्या तळाशी आतून बारीक साखळी शिवलेली असते. मी आईच्या विरलेल्या इरकल साडीचे काठ कापून घेतले आणि कार्डिगनच्या गळ्याला, पुढच्या दोन्ही कडांना व खिशांच्या तोंडाला हाताने लावले. सहाही बटणे बदलली, कारण एक बटण वेगळे दिसते तेव्हा ते दारिद्र्य वाटते आणि सहाही वेगळी निवडली की ती आवड वाटते. कोपरावरचे रफू लपवले नाही, त्यावर काठाचेच चौकोनी ठिगळ लावले. खर्च दोऱ्याचा आणि बटणांचा, मिळून ६० रुपये. एक सूचना : काठ आधी पाण्यातून काढून वाळवावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि कार्डिगनला चुण्या पडतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात त्या पडल्याच होत्या.

दुसरी, वडिलांचा किंवा काकांचा जुना कोट. लग्नात शिवलेला, नंतर पेटीत पडलेला असा एखादा गरम कोट बहुतेक घरांत निघतो. ढगळ कोट सध्या फॅशनमध्येही आहेत, तेव्हा मुलींनी तो घालायला हरकत नाही. पण कोट निवडताना एकच गोष्ट पाहावी : खांदा. बाहीची लांबी कमी करता येते, बाजूच्या शिवणी आत घेता येतात, अस्तर बदलता येते. खांदा मात्र सगळा उसवल्याशिवाय बदलत नाही आणि ते काम कोटाच्या किमतीपेक्षा महाग पडते. खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या टोकापासून दोन बोटे बाहेर असेल तर चालेल, हातभर खाली लोंबत असेल तर कोट पेटीत परत ठेवावा. आमच्या गावच्या टेलरकाकांनी बाह्या आखूड करून बटणे सरकवून द्यायचे १५० रुपये घेतले.

तिसरी गोष्ट माझ्या सर्वांत आवडीची, गोधडी. अमेरिकेत २०१६ साली एमिली बोड या तरुणीने ‘बोड’ नावाने कपडे करायला सुरुवात केली आणि जुन्या गोधड्यांची जॅकेटे करून नाव मिळवले. ती फार मोठ्या किमतीला विकली जातात. त्यांचे फोटो पाहून मी आमच्या फडताळाकडे पाहिले. तिथे आजीच्या तीन गोधड्या घडी घालून ठेवलेल्या होत्या! गोधडी म्हणजे काय? जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांना जागच्या जागी धरणारा धावदोरा. हवा कोंडण्याचे यंत्रच ते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग झाले, तेव्हा तिथल्या बायकांनी ब्लँकेटांचे कोट शिवले. मग आपण गोधडीची बंडी का शिवू नये?

मात्र अनुभवाचे दोन शब्द. आजीची चांगली गोधडी कापू नका. फाटकी, एका बाजूने धड असलेली घ्या किंवा जुन्या सुती साड्यांचे तीनच थर घेऊन नवी भरा. पाच-सहा थरांची गोधडी अंगावर जड होते, मशीनची सुई मोडते आणि धुतल्यावर दोन दिवस वाळत नाही. आकार सरळ बंडीचा ठेवा, बाह्या नकोत. बगलेतल्या शिवणी जाड होतात, म्हणून कडा आत न दुमडता त्यांना बाहेरून साडीच्या पट्टीचा गोट लावा. कापण्याआधी मापाच्या रेषेवरून दोनदा धावदोरा घाला, म्हणजे कापताना आजीचे टाके सुटणार नाहीत.

चौथी, घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाऊस आणि वारा दोन्ही झेलते. मेंढपाळ ती डोक्यावरून खोळ करून घेतात. फॅशनच्या दुनियेत खांद्यावरून सोडलेल्या ‘केप’चे दर काही वर्षांनी कौतुक होते, तिची आणि या खोळीची जात एकच. घोंगडी अंगाला टोचते, म्हणून गळ्याशी आणि खांद्यांवर आतून मऊ सुती अस्तर लावले की काम झाले. आमच्या वर्गातल्या एका मुलाने आजोबांची घोंगडी अशी करून घेतली. पहिल्या दिवशी ‘काय पाव्हणं, मेंढरं कुठं सोडली?’ असे झाले. महिन्याभराने तीच मुले ती घोंगडी कुठे मिळते ते विचारीत होती.

विकत घ्यायचेच असेल तर थोडक्यात सांगते. थंडीत तिबेटी विक्रेत्यांकडे येणारा लुधियानाचा माल आणि जुन्या बाजारातले स्वेटर हे दोन्ही चांगले असू शकतात. कपडा उलटा करून शिवण ओढून पाहा, चेन दहा वेळा वरखाली करा, कापड उजेडासमोर धरा. लेबलावर अ‍ॅक्रिलिक असेल तर ते लोकरीसारखे दिसते, धुवायला सोपे असते, पण शेकोटीजवळ त्याला जपा, ठिणगीने ते वितळते. खरी लोकर कोमट पाण्याने आणि रिठ्याने धुवा, पिळू नका आणि दोरीवर टांगू नका. ओली लोकर स्वतःच्या वजनाने लोंबते आणि पुढच्या वर्षी स्वेटरचा झगा होतो.

हे सगळे कशासाठी? नटण्यासाठी का? थोडेसे तेही, मी खोटे कशाला बोलू. पण खरे कारण निराळे आहे. माझी एक मैत्रीण मागच्या वर्षी डिसेंबरपासून पहिल्या तासाला येईनाशी झाली. झोपाळू म्हणून आम्ही तिची थट्टा केली. हजेरी कमी भरल्याची नोटीस लागली तेव्हा ती म्हणाली, ‘नऊनंतर ऊन पडतं, मग ओढणीवर भागतं.’ तिच्याकडे स्वेटर नव्हता. मागायची लाज वाटत होती आणि दिलेला घालायची त्याहून जास्त. आम्ही रोज तिच्याशेजारी बसत होतो आणि आम्हाला कळले नव्हते. मला माझा बाकाखाली लपवलेला कोपर आठवला.

तिच्या आईची एक फाटकी गोधडी होती. आत्याच्या मशीनवर आम्ही दोघींनी दोन रविवार खर्चून तिची बंडी केली. तिला ती ‘दिलेली’ वाटली नाही, कारण ती तिच्याच घरची होती आणि अर्धे टाके तिचेच होते. सोमवारी ती साडेसातच्या तासाला हजर होती. कोणी विचारले, कुठून घेतलीस? तिने सांगितले, ‘शिवली.’

आमच्या कॉलेजात मागच्या वर्षी नोकरीला लागलेल्या, शहराला गेलेल्या कित्येक मुलामुलींचे स्वेटर घरी पडून असतील. स्नेहसंमेलनाच्या सुमारास एखाद्या खोलीत ते जमा करावेत, जोडीला एक शिलाई मशीन, दोरे, बटणे आणि जुन्या साड्यांचे काठ ठेवावेत, आणि ज्याला हवे त्याने घेऊन तिथेच बसून आपल्या मनासारखे बदलून न्यावे, अशी माझी विद्यार्थी मंडळाला विनंती आहे. नुसते वाटप करू नये. बदलण्याची संधी द्यावी. कपडा आपल्या हाताखालून गेला की तो आपला होतो.

आत्याचे उसने पैसे मी उन्हाळ्यात काज-बटणे करून फेडले. ते चकचकीत जॅकेट अजून आहे. त्याचा आतला भुगा काढून मी उशी भरली आणि बाहेरचे कापड दादांच्या मोटारसायकलच्या सीटवर बसवले. वारा आणि दव मात्र ते उत्तम अडवते!