डॉलरला डॉलर : हा कोणता न्याय?

घोड्यांच्या शर्यतींवर पैसा लावणे योग्य की अयोग्य, हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्यांना तो नाद नाही त्यांनीही विचार करावा, असा एक प्रश्न या व्यवहारातून उद्भवतो. दोन देशांतील लोकांनी आपापल्या चलनात लावलेला पैसा एकाच गल्ल्यात जमा होत असेल, तर त्याचे वजन कोणत्या मापाने करावयाचे?

महालक्ष्मीच्या टोटशी परिचय असणाऱ्यांना या पद्धतीचे मर्म सांगावयास नको. इतरांसाठी इतकेच, की 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर याने रूढ केलेल्या या पद्धतीत बुकीप्रमाणे भाव आगाऊ बांधून दिलेला नसतो. सर्वांचा पैसा एकत्र होतो, त्यातून कर व चालकांचा हिस्सा कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या घोड्यावर पैसा लावणाऱ्यांत प्रमाणशीर वाटली जाते. भाव ठरवतो तो लोकांचा पैसाच. आपल्याकडे सारेच रुपयांत चालत असल्याने तंटा उद्भवत नाही.

अमेरिका आणि कॅनडा यांची गोष्ट वेगळी. दोघांच्याही चलनाचे नाव डॉलर. किंमत मात्र एक नव्हे. तरीही या दोन देशांत गल्ले एकत्र करताना ‘डॉलरला डॉलर’ मानण्याची पद्धत परिचित आहे. कॅनडातील मनुष्य 2 कॅनेडियन डॉलर लावतो, ते अमेरिकी 2 डॉलरच्या बरोबरीने मोजले जातात, आणि जिंकल्यास त्याला कॅनेडियन डॉलरच मिळतात. यावर अमेरिकी माणसाची पहिली तक्रार ठरलेली : स्वस्त डॉलर टाकून हे लोक आमचा महाग डॉलर नेतात! ही तक्रार निराधार आहे. दोघांनाही आपापल्या चलनात सारखीच पट मिळते.

खरा अन्याय निराळ्याच ठिकाणी दडलेला आहे, आणि तो पाहण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. समजा, कॅनेडियन डॉलर 75 अमेरिकी सेंटांचा आहे. शर्यतीत दोनच घोडे. अमेरिकनांनी पहिल्यावर आपले 1,000 डॉलर लावले, कॅनेडियनांनी दुसऱ्यावर आपले 1,000. कापणी तूर्त विसरू. डॉलरला डॉलर धरल्यास गल्ला 2,000 चा आणि कोणताही घोडा जिंको, परतावा दुप्पट. आता विनिमयदराने मोजा. गल्ला वस्तुतः 1,750 अमेरिकी डॉलरचा आहे. पहिल्या घोड्याला पावणेदोन पट मिळावयास हवी, दुसऱ्याला सुमारे 2.33 पट. म्हणजे कॅनेडियन डॉलरला दिलेला बरोबरीचा मान त्याच्या मालकाच्याच मुळावर येतो. त्याच्या आवडत्या घोड्यावर प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक पैसा लागल्याचे भासते, आणि भाव पडतो. त्या घोड्यावर पैसा लावणारा एखादा अमेरिकनही त्याच्याबरोबर नाडला जातो.

दोन्ही देशांतील लोकांनी घोड्यांवर सारख्याच प्रमाणात पैसा लावला असता, तर दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच आले असते. मतभेद असेल तेथेच हा दोष प्रकट होतो. आणि मतभेदावाचून शर्यतीचा जुगार तो कसला?

मग फरकाची रक्कम जाते कोठे? वरील उदाहरणात दुसरा घोडा जिंकला तर कॅनेडियनांचे देणे 2,000 कॅनेडियन, म्हणजे 1,500 अमेरिकी डॉलर. गल्ल्यात आहेत 1,750. अडीचशे डॉलर चालकांच्या हाती उरतात. पहिला जिंकला तर तेवढीच तूट येते, ती त्यांना कोठून तरी भरावी लागते. दीर्घकाळात जमा-खर्चाची तोंडमिळवणी होईल, असे म्हणता येईल खरे. पण शर्यत कॅनडातील असेल आणि तेथल्या घोड्यांची पारख तेथल्या लोकांना अधिक असेल, तर पारडे एकाच बाजूला झुकत राहील. जाणकाराच्या जाणतेपणाचे फळ कचेरीच्या तिजोरीत पडेल.

सोयीचे कारण सांगितले जाते. शर्यत सुटण्याच्या क्षणापर्यंत पैसा येत असतो, तेवढ्यात रूपांतर कोण करणार? हे कारण आता टिकत नाही. 2019 मध्ये रॉयल ॲस्कॉटच्या शर्यतींपासून हाँगकाँग जॉकी क्लबने ‘वर्ल्ड पूल’ हा अनेक देशांचा सामाईक गल्ला सुरू केला. त्यात ब्रिटनचा पौंड हाँगकाँग डॉलरमध्ये रूपांतरित होऊनच मिसळतो. तेथे पौंडाला डॉलर मानण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही, कारण पौंड हाँगकाँगच्या सुमारे दहा डॉलरच्या घरातला. अमेरिका-कॅनडाच्या बाबतीत केवळ नामसाधर्म्याने ही सवलत घेता आली. कॅनडाने आपल्या चलनाला दुसरे काही नाव दिले असते, तर हा प्रघात पडला असता का, याची शंकाच आहे.

नियम एकच राहिला, तरी त्याचा जाच विनिमयदराबरोबर चढतो-उतरतो. जानेवारी 2002 मध्ये कॅनेडियन डॉलर 62 सेंटांच्या खाली गेला होता. सप्टेंबर 2007 मध्ये तो अमेरिकी डॉलरच्या बरोबरीस आला, तेव्हा असा नियम आपोआप निर्दोष ठरला असता. अलीकडे तो पुन्हा 70 ते 75 सेंटांच्या आसपास घोटाळतो आहे. तिकीट काढणाऱ्याने यांपैकी काहीच ठरविलेले नसते. त्याला किमान त्या दिवशीचा दर आणि तो न लावल्याने उरलेली वा घटलेली रक्कम फलकावर दिसावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.