पितळी घंटेची ऐंशी वर्षे

ड्रेपर कॉफमन यांची नजर अधू होती. वडील नौदलात, स्वतः ॲनापोलिसच्या नौदल अकादमीचे पदवीधर, तरी १९३३ साली अमेरिकी नौदलाने त्यांना डोळ्यांच्या कारणावरून अधिकारपद नाकारले. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायला गेले आणि जर्मनांच्या हाती सापडले. सुटका झाल्यावर त्यांनी इंग्लंड गाठले आणि ब्रिटिश नौदलात न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याचे काम पत्करले. शरीरातल्या एका उण्यामुळे दारातूनच परत पाठवलेल्या या माणसाने पुढे जगातली सर्वांत नावाजलेली शारीरिक कसोटी आखली.

ती आखली गेली १९४३ च्या उन्हाळ्यात, फ्लोरिडाच्या फोर्ट पिअर्स येथे. डास, वाळूमाशा आणि दलदल यांनी भरलेला तो किनारा होता. शत्रूने समुद्रकिनाऱ्यांवर रोवलेले लोखंडी अडथळे उडवणारी पथके तिथे तयार व्हायची होती आणि हाताशी वेळ अगदी थोडा होता. त्याच तळावर ‘स्काउट्स अँड रेडर्स’ या टेहळणी पथकांचा आठ आठवड्यांचा व्यायामक्रम चालायचा. कॉफमन यांनी तो एका आठवड्यात कोंबला आणि पहिल्याच खेपेला अधिकाऱ्यांसह स्वतः त्यात उतरले. कागदावर त्याचे नाव साधेच होते, पण पोरांनी त्याला ‘हेल वीक’ म्हटले आणि तेच नाव टिकले.

वर्षभरात त्या आठवड्याचा कस लागला. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर ही पथके उतरली. १७५ जणांपैकी ३१ मेले, ६० जखमी झाले. निम्म्याहून अधिक माणसे पडली, तरी उरलेल्यांनी सुरुंग लावणे थांबवले नाही. फोर्ट पिअर्सच्या चिखलातला तो आठवडा सार्थकी लागला, असे नौदलाला वाटले ते इथून.

गंमत अशी की सुरुवातीच्या त्या प्रशिक्षणात पोहण्याला फारसे महत्त्व नव्हते. माणसे बूट आणि शिरस्त्राण घालून, होडीला दोरीने बांधून काम करत. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर प्रवाळाच्या कड्यांवर होड्या अडकल्या, सैनिक छातीभर पाण्यातून चालत गेले आणि किनाऱ्यावरच्या गोळीबारात शेकड्यांनी मारले गेले. पाण्याखाली काय आहे हे आधी कुणीतरी पोहून पाहायला हवे, हा धडा तिथे मिळाला. पुढे सायपानला कॉफमन यांची माणसे चड्डीवर पाण्यात उतरली. कसोटी कामाच्या गरजेप्रमाणे बदलली पाहिजे, हे तेव्हा कुणाला वेगळे सांगावे लागले नाही. नंतरच्या काळात मात्र याचा बराच विसर पडला.

त्याच सुमारास व्हर्जिनियातल्या एका आडबाजूच्या वाड्यात वेगळाच प्रयोग चालला होता. अमेरिकेच्या हेरखात्याला, म्हणजे ओएसएसला, शत्रूच्या मुलखात पाठवण्याजोगी माणसे निवडायची होती. हार्वर्डचे हेन्री मरे आणि इतर मानसशास्त्रज्ञ उमेदवारांना तीनेक दिवस खोट्या नावाने राहायला लावत. एका चाचणीत लाकडी दांड्यांची चौकट दहा मिनिटांत उभी करायची असे. मदतीला दोन गडी दिलेले असत, किप्पी आणि बस्टर. एक आळशी, दुसरा तोंडाळ, आणि दोघेही पढवून ठेवलेले. ती चौकट वेळेत कुणाचीच पूर्ण झाली नाही. परीक्षक पाहत होते ते एवढेच, की सगळे फसत असताना हा माणूस चिडतो, खचतो की हसून पुन्हा दांडी उचलतो. ही कल्पना त्यांनी ब्रिटिश लष्कराच्या निवड मंडळांकडून उचलली होती. त्याच ब्रिटिश मंडळांची भारतातली शाखा म्हणजे आपली एसएसबी. लष्करी अधिकारी होण्यासाठी तिथे पाच दिवस फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन झगडलेल्या मराठी मुलांना किप्पी आणि बस्टरची जातकुळी सहज ओळखू येईल.

युद्धानंतर हे दोन प्रवाह वेगळे वाहत राहिले. मन तपासणारे एकीकडे आणि शरीर पिळून काढणारे दुसरीकडे.

जानेवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या काळात नौदलाची ‘सील’ पथके उभी राहिली. पुढे त्यांचे प्रशिक्षण कॅलिफोर्नियात, कोरोनाडोच्या किनाऱ्यावर स्थिरावले आणि त्यात हेल वीकला मानाचे पान मिळाले. रविवारी संध्याकाळी कोऱ्या काडतुसांच्या दणदणाटात तो सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो. साडेपाच दिवसांत मिळणारी झोप सगळी मिळून चार तासही भरत नाही. या काळात धावणे आणि चालणे तीनशे किलोमीटरच्या पुढे जाते. रबरी होडी डोक्यावर घेऊन पळायचे, ओंडका सगळ्यांनी मिळून खांद्यावर पेलायचा, हातात हात गुंफून लाटांत झोपायचे आणि दात वाजू लागले की ओल्या अंगाने वाळूत लोळायचे. प्रशिक्षक मायेने गरम कॉफीचे आमिष दाखवतात. मैदानाच्या कोपऱ्यात पितळी घंटा टांगलेली असते. तीन टोले दिले की सुटका. शिरस्त्राण घंटेखालच्या रांगेत ठेवायचे आणि निघायचे. दर चार जणांपैकी जवळपास तिघे कधी ना कधी तो दोर ओढतात.

यातले अनेक जण पहिल्या एक-दोन दिवसांतच जातात. तोवर त्यांचे स्नायू संपलेले नसतात. अजून चार रात्री उरल्या आहेत, या विचारानेच ते संपतात. प्रशिक्षकांना हे अनुभवाने माहीत होते, तरी मन घडवता येते ही गोष्ट तिथे रुजायला फार वेळ लागला. माणूस एक तर मुळात टणक असतो नाहीतर नसतो, हीच समजूत बरीच वर्षे चालली.

ती समजूत हळूहळू सैल झाली. २००० मध्ये येल विद्यापीठाचे चार्ल्स मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट ब्रॅगच्या लष्करी शाळेतल्या सैनिकांचे रक्त तपासले. या शाळेत युद्धकैद्यासारखे वागवून उलटतपासणी घेतली जाते. स्पेशल फोर्सेसच्या सैनिकांमध्ये त्या ताणाखाली ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ हे रसायन इतर सैनिकांपेक्षा अधिक आढळले आणि ताण सरल्यावर ते लवकर पूर्ववत झाले. धैर्य म्हणजे काय याचे उत्तर एका रसायनात मिळत नाही, हे खरेच. तरीही ताण सोसणे ही शरीरात मोजता येणारी क्रिया आहे, हे त्यातून दिसले. मोजता येते त्याचा सराव करता येईल, असा विचार मग बळावला.

कोरोनाडोत एरिक पोटेराट यांच्यासारख्या नौदलाच्या मानसशास्त्रज्ञांनी क्रीडा मानसशास्त्रातल्या चार साध्या गोष्टी अभ्यासक्रमात आणल्या. पुढच्या जेवणापर्यंतच टिकायचे, असे छोटे ध्येय ठेवणे. कठीण प्रसंग आधीच मनात घडवून पाहणे. स्वतःशी नीट बोलणे. श्वास लांबवून छातीतली धडधड खाली आणणे. याचा खरा उपयोग दिसतो प्रशिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यातल्या तलावात. तिथे प्रशिक्षक पाण्याखाली येऊन उमेदवाराच्या हवेच्या नळीला गाठी मारतात आणि उमेदवाराने न घाबरता, ठरलेल्या क्रमाने त्या सोडवायच्या असतात. गुदमरणारे शरीर वर धाव म्हणून ओरडत असते. त्या क्षणी ताकद कामाची नसते, सरावाने बसलेला श्वास लागतो.

शरीराकडे पाहण्याची रीतही पालटली. इराक आणि अफगाणिस्तानात पुन्हा पुन्हा पाठवलेली पथके पाठ, गुडघे आणि झोप गमावून परतत होती. २०१० नंतर अमेरिकेच्या विशेष दलांनी ताकदीचे प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक पथकांबरोबरच नेमायला सुरुवात केली. नव्या उमेदवारांना कोरोनाडोला धाडण्याआधी शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स येथे काही आठवडे घडवले जाऊ लागले. ज्याने कोल्हापूरच्या तालमीत माती अंगाला लावली आहे, त्याला यात नवे काही वाटणार नाही. खुराक, मालिश, झोप आणि पोराचा वकूब पाहून मेहनत वाढवणारा वस्ताद यांच्यावाचून पैलवान तयार होत नाही, हे तिथे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. आधुनिक सैन्याला ते कळायला साठ-सत्तर वर्षे लागली.

आणि कळूनही पुरते वळले नाही. जुलै २०१३ मध्ये वेल्सच्या ब्रेकन बीकन्स डोंगरात एसएएस या ब्रिटिश विशेष दलाच्या राखीव तुकडीची निवड चालू होती. पाठीवर ओझे घेऊन २६ किलोमीटरची चाल, आणि दिवस ऐन उन्हाळ्याचा. उमेदवारांच्या अंगावर त्यांचा ठावठिकाणा दाखवणारी यंत्रे होती. तरी उन्हाने कोसळलेला माणूस जागचा हलत नाही हे वेळेवर कुणाच्या लक्षात आले नाही. तिघांचा जीव गेला. २०१५ च्या न्यायचौकशीत हलगर्जीपणाचा ठपका ठेवला गेला.

४ फेब्रुवारी २०२२ ला कोरोनाडोत याहून अधिक चटका लावणारी घटना घडली. २४ वर्षांच्या एका उमेदवाराने हेल वीक पूर्ण केला. घंटा वाजवली नाही. आठवड्यात त्याला धाप लागत होती, प्राणवायूही द्यावा लागला होता. आठवडा संपल्यावर काही तासांतच तो न्यूमोनियाने गेला. बराकीत त्याच्यावर लक्ष ठेवायला होते ते वैद्यकीय शिक्षण नसलेले नवखे नौसैनिक. २०२३ मध्ये नौदलाचा चौकशी अहवाल आला. देखरेखीची उणीव, धोक्याचा अपुरा अंदाज, विस्कळीत वैद्यकीय व्यवस्था आणि उमेदवारांमध्ये शिरलेली ताकद वाढवणारी औषधे, सगळे त्यात नोंदलेले आहे. त्यानंतर हेल वीक संपल्यावर चोवीस तास वैद्यकीय निगराणी, हृदयाची अधिक कसून तपासणी आणि उत्तेजकांची चाचणी सुरू झाली.

कॉफमन यांनी हा आठवडा एका विशिष्ट कामासाठी आखला होता: गोळ्या सुटत असताना दमलेला माणूस सुरुंग लावेल का, हे पाहण्यासाठी. घंटा इच्छाशक्ती तपासते. फुप्फुसात पाणी भरलेल्या मुलाची इच्छाशक्ती तपासून हाती काहीच लागत नाही. या दोन गोष्टींतला फरक ओळखणे हे प्रशिक्षकाचे आणि डॉक्टरचे काम आहे, उमेदवाराचे नाही. जो कधीच थांबत नाही तोच निवडायचा असे ठरवले, की वेळेवर त्याला थांबवण्याची जबाबदारी निवडणाऱ्यांवर येते.

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९८७ मध्ये भारतीय नौदलाने सागरी कमांडोंचे दल उभारले. आज ते ‘मार्कोस’ नावाने ओळखले जाते. त्याच्या पहिल्या काही अधिकाऱ्यांनी कोरोनाडोतच धडे घेतले होते आणि आपल्या निवडीतही हेल वीक आला. २००८ च्या नोव्हेंबरात ताजमध्ये शिरलेले मार्कोस याच मुशीतले. भूदलातल्या विशेष दलांशीही मराठ्यांचे नाते आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या २१ व्या बटालियनचीच पुढे २१ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली. २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीतले.

आज सातारा, सांगली, कोल्हापूर, बीडच्या रस्त्यांवर पहाटे चार वाजता भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतात. त्यांच्यापैकी फार थोडे कधी विशेष दलांपर्यंत पोहोचतील, पण ‘मेलो तरी थांबायचे नाही’ हे वाक्य त्या सगळ्यांच्या कानावर पडते. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचे मृत्यू झाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. या मुलांच्या आईवडिलांना आणि अकादमीच्या सरांना एवढीच विनंती: सराव सुरू करण्याआधी एकदा हृदयाची तपासणी करून घ्या. अंगात ताप असेल त्या दिवशी धावू देऊ नका. व्यायामानंतर लघवी काळपट झाली, छातीत दुखले, चक्कर आली किंवा धाप बसेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढची भरती पुन्हा निघेल.