विमा-एजंट घरीं येण्यापूर्वींचा कागद

ऊंसाचें बिल खात्यावर जमा झालें कीं आमच्या कसबा बावड्याच्या गल्ल्यांतून दोन प्रकारचे लोक फिरूं लागतात : एक उसने मागणारे व दुसरे विम्याचे एजंट. उसने मागणारास नाहीं म्हणतां येतें. एजंटास म्हणतां येत नाहीं, कारण तो बहुधा आपल्याच भावकींतला, निदान मुलाच्या मित्राचा मामा तरी असतो. तो चहा घेतो, पिकाची विचारपूस करतो आणि जातांना दोन-तीन सह्या घेऊन जातो. त्या सह्या नेमक्या कशावर झाल्या, हें घरांतील एकासही सांगतां येत नाहीं.

मीं महसूल खात्यांत उमेदीचीं वर्षें कारकुनींत घालविलीं. त्या खात्याच्या दिरंगाईबद्दल लोक बोलतात तें सर्वस्वीं खोटें नाहीं. पण सहीच्या बाबतींत तेथील शिस्त घेण्याजोगी आहे. फेरफाराची नोंद धरली म्हणजे हितसंबंधितांस लेखी सूचना जाते, हरकतीस मुदत मिळते, आणि मगच नोंद मंजूर होते. निरक्षर इसमाचा अंगठा घेतला तर त्यापुढें ‘निशाणी डावा अंगठा, दस्तूर अमुक’ असें लिहून लिहिणारा आपलें नांव घालतो. उद्यां वाद निघाल्यास हात कोणाचा हें शोधावें लागत नाहीं. विम्याच्या प्रस्तावाच्या फॉर्मांतही याच धर्तीचा मजकूर असतो. सही देशी भाषेंत असल्यास किंवा अंगठा असल्यास, फॉर्म समजावून सांगितल्याचें प्रतिज्ञापन दुसऱ्यानें करावयाचें असतें. मीं जे फॉर्म पाहिले, त्यांत ही जागा एजंटानेंच मागाहून भरलेली होती.

याचा परिणाम काय होतो, तें आमच्याच गल्लींत घडलें. एका गृहस्थांकडे एजंटानें आदल्या दिवशीं मुलगा पाठविला. ‘साहेब उद्यां येतील, तत्पूर्वीं संमतिपत्रावर सह्या करून ठेवा,’ असा निरोप होता. सह्या झाल्या. त्या जुडग्यांत भेटीच्या संमतीचा कागद एकच होता. बाकीचा कोरा प्रस्तावफॉर्म होता. दुसऱ्या दिवशीं एजंट आले. गृहस्थांनीं आपणांस मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्याचें त्यांना सांगितलें. चहा देतांना त्यांच्या पत्नीनें तें ऐकलें. फॉर्मांत त्या प्रश्नापुढें मात्र ‘नाहीं’ असें भरलें गेलें. दुसऱ्याच वर्षीं गृहस्थ वारले. कंपनीनें दवाखान्याचे कागद मागविले, माहिती चुकीची दिली असें म्हणून मागणी फेटाळली व भरलेले हप्ते तेवढे परत केले. ती बाई माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास आली. खरें उत्तर दिल्याचा पुरावा काय, असें मीं विचारलें. तिच्याजवळ कांहींच नव्हतें.

कायदा येथें दोन्ही बाजूंनीं चालतो. विम्याच्या १९३८ च्या कायद्यांतील ४५ वें कलम २०१५ सालीं दुरुस्त झालें. पॉलिसी तीन वर्षें पुरी झाल्यावर तिच्यावर कोणत्याही कारणानें आक्षेप घेतां येत नाहीं. तीन वर्षांच्या आंत मात्र कपट किंवा महत्त्वाची चुकीची माहिती, या कारणांवरून घेतां येतो. कपटाचा आरोप झाला आणि विमेदार हयात नसला, तर तें खोडून काढण्याचें ओझें वारसावर पडतें. नवऱ्याच्या मागें बायकोनें तें कसें खोडावें?

अमेरिकेंत वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याशीं जोडलेल्या योजना विकणाऱ्या एजंटांस भेटीपूर्वीं एक पत्र सही करून घ्यावें लागतें. कोणत्या योजनेविषयीं बोलणें होणार तें त्यांत लिहिलेलें असतें, आणि त्याबाहेरचा विषय त्या भेटींत काढतां येत नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून, कांहीं अपवाद सोडून, ती सही व भेट यांत ४८ तासांचें अंतर ठेवण्याचा नियम तेथें लागू झाला. विचारास दोन दिवस मिळावे, हा त्यांतील मतलब. आपल्याकडे पीकविम्यांत याच्या उलट घडलें. २०२० च्या खरीपापर्यंत कर्जदार शेतकऱ्यास पीकविमा सक्तीचा होता. त्या खरीपापासून तो ऐच्छिक झाला खरा. पण ज्यास नको असेल त्यानें शेवटच्या तारखेपूर्वीं सात दिवस बँकेस तसें लिहून द्यावयाचें, असें ठरलें. न लिहिल्यास हप्ता कापला जाणार. गप्प बसणें हीच संमति!

माझ्या घरीं आतां मीं एक चिठ्ठी करून ठेविली आहे. एजंटाचें नांव व परवाना क्रमांक, भेटीची तारीख, बोलण्याचा विषय, आणि ‘आज केवळ माहिती घेणें, प्रस्ताव नाहीं’ ही ओळ. दोन प्रती, दोघांच्या सह्या. एका एजंटानें प्रथम तोंड वाईट केलें. पुढें तोच म्हणाला, ‘रावसाहेब, उद्यां कोणीं माझ्यावर बालंट घेतलें तर ही माझ्याही कामाची आहे.’ त्यानें आपल्यासाठीं पन्नास प्रती छापून घेतल्या. मोबाईलवर येणारा ओटीपी हीसुद्धां सहीच होय. ‘भेट नक्की करण्यासाठीं आंकडा सांगा’ असें कोणीं म्हटल्यास संदेश आधीं पूर्ण वाचून घ्यावा. भेटीसाठीं तोंडी होकार पुरे. फॉर्म मराठींत मागावा, आरोग्याचीं उत्तरें आपल्या हातानें लिहावीं, आणि रिकाम्या जागेवर आडवी रेघ ओढावी. सातबाऱ्याच्या अर्जावर आपण ती ओढतोंच.

पॉलिसी हातीं आल्यावर तिच्यासोबत प्रस्तावाची प्रत आली आहे कीं नाहीं तें पाहावें; नसल्यास मागावी. २०२४ च्या नियमांप्रमाणें जीवनविम्याची पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करतां येते. मधल्या दिवसांच्या जोखमीचा भाग, वैद्यकीय तपासणी व मुद्रांकाचा खर्च वजा जातां हप्ता परत मिळतो. उत्तर चुकीचें भरलेलें दिसल्यास याच मुदतींत कंपनीस लेखी कळवून पोंच घ्यावी. शेजारच्या बाईंची पॉलिसी घरांत आली होती. ती पाकिटासह देवघराच्या फडताळांत ठेविली होती, आणि पाकीट प्रथम फोडलें तें मीं.

कंपनीनें मागणी फेटाळल्यास आधीं कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास अगर तें न पटल्यास एका वर्षाच्या आंत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जातां येतें. तेथें फी नाहीं व वकीलही लागत नाहीं. बाईंचा अर्ज मीं तिकडेच लिहून दिला आहे. चहा देतांना काय ऐकलें, तें तिच्याच शब्दांत त्यांत घातलें आहे.