तेल वाळतं म्हणजे काय होतं?

येताना एका परिचितांनी विचारलं, "सर, आज तत्त्वज्ञान सोडून सुताराच्या तेलावर बोलणार?" हो, बोलणार. शब्द आपल्याला कसे फसवतात, हे मला या तेलाने शिकवलं.

जवस, म्हणजेच अळशी. विदर्भात हिची चटणी आवडीने खातात. हिचंच तेल मिस्त्री लाकडाला लावतो, रंगारी रंगात घालतो. तो त्याला बेलतेल म्हणतो. आता बघा, शेंगदाण्याचं तेल पाटावर सांडलं तर ते महिनाभर तेलकटच राहतं. मग जवसाचं का वाळतं?

कपडा वाळतो तेव्हा त्यातलं पाणी निघून जातं, तो हलका होतो. तेलाचं उलट आहे. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि वाळताना त्याचं वजन वाढतं! या तेलाचा साधारण निम्मा भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. त्यातल्या दुहेरी बंधांपाशी ऑक्सिजन काम करतो, शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि एक जाळं तयार होतं. मग त्याचं पुन्हा तेल होत नाही. म्हणजे 'वाळणं' हा शब्द एकच, पण क्रिया दोन.

या एका गुणावर किती धंदे उभे राहिले! खडूची पूड आणि हे तेल मळलं की खिडकीच्या काचा बसवायची लांबी होते. आटवलेल्या तेलात काजळी घातली की छपाईची शाई. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने रंगाच्या डब्यावर धरलेली तेलाची साय पाहिली, आणि 1863 साली लिनोलियमचं पेटंट घेतलं. घट्ट झालेलं तेल, राळ, कॉर्कचा भुसा, पाठीला कापड. झालं जमिनीचं आच्छादन.

लाकडावर हे तेल पातळ लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं. जाड थर दिला तर वर साय धरते आणि खाली चिकट राहतं. कच्च्या तेलाला वाळायला कित्येक दिवस लागतात. 'बॉइल्ड' तेल दिवसाभरात वाळतं. पण इथे दुसरा शब्द फसवतो. आज डब्यावर 'बॉइल्ड' असतं, तेव्हा त्यात बहुधा कोबाल्ट, मँगनीज यांचे क्षार घातलेले असतात. ते तेल खायचं नाही, म्हणजे नाहीच.

आता मुख्य गोष्ट. ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर पडते. फळीवर ती हवेत निघून जाते. चिंध्यांच्या बोळ्यात कोंडते. काही वर्षांपूर्वी घरच्या पुस्तकांच्या कपाटाला तेल लावल्यावर मी चिंध्या पिशवीत कोंबून गॅलरीत ठेवल्या. संध्याकाळी जळका वास आला. पिशवीला हात लावला तर चटका बसला, आतून धूर येत होता. ना काडी, ना ठिणगी. मी मनात म्हटलं होतं, 'वाळतील की तिथेच!' चूक त्या शब्दात होती.

माझं थोडक्यात निभावलं. फिलाडेल्फियात 23 फेब्रुवारी 1991 रोजी 'वन मेरिडियन प्लाझा' या 38 मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर अशाच चिंध्यांनी आग लागली. तीन अग्निशामक जवान गेले.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग चिंध्यांचं करायचं काय?)

चांगलं विचारलंत. घडी नको, ढीग नको. घराबाहेर, सावलीत, फरशीवर एकेक सुटी पसरा. पूर्ण कडक झाली की मग कचऱ्यात. नाहीतर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लावा. आणि घरी काम करणाऱ्या मिस्त्रींनाही सांगा. संध्याकाळी ते निघून जातात, चिंध्या मात्र आपल्याच घरात राहतात.

इथे थांबतो.