वैमानिकाची झोप : लांबचा पल्ला की जवळचा?

काही महिन्यांपूर्वी नेरुळच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय त्रेचाळीस, पेशाने वैमानिक. देशांतर्गत मार्गांवर विमान चालवण्याचा पंधरा वर्षांचा अनुभव. खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, "डॉक्टर, आजार काही नाही. एक सल्ला हवाय."

कंपनीने त्यांना मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणाबद्दल विचारले होते. म्हणजे यापुढे दिल्ली, नागपूर, कोची नव्हे, तर लंडन आणि न्यूयॉर्क. पगार वाढणार होता. महिन्यातल्या फेऱ्या कमी होणार होत्या, पण एकदा गेले की चार-पाच दिवस घराबाहेर. मुलगी दहावीला, वडील मधुमेही, पत्नी शाळेत शिक्षिका. "घरचं आम्ही बघू," ते म्हणाले, "तब्येतीच्या दृष्टीनं कुठलं बरं, तेवढं तुम्ही सांगा."

तपासून झाल्यावर दाराशी थबकले आणि हळूच म्हणाले, "सुटीच्या दिवशी कधी कधी झोपेची गोळी घेतो. ती मात्र कागदावर लिहू नका."

वाचकहो, खरा आजार त्या शेवटच्या वाक्यात होता. वैमानिकाचा परवाना वैद्यकीय तपासणीवर टिकून असतो. ही तपासणी दरवर्षी होते, साठीनंतर दर सहा महिन्यांनी. त्यामुळे झोप येत नाही ही साधी तक्रारही तोंडातून काढायला माणूस घाबरतो. मी त्यांना परत बसवले. केसपेपरवर खोटे लिहिणार नाही, हे स्पष्ट सांगितले. मग माझीच गोष्ट सांगितली. शिकाऊ डॉक्टर असताना सलग दोन रात्री जागून मी स्कूटरवरून घरी निघालो होतो. रस्ता दिसत होता, हात हँडलवर होते. पुढचे आठवते ते दुभाजकावर पडल्यावरचे. खांद्याचे हाड मोडले, पण डोळा कधी लागला ते आजही सांगता येत नाही. झोपेचा हाच धोका आहे. ती येताना परवानगी मागत नाही.

आता त्यांच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. तेच शरीराचे घड्याळ. उजेड-अंधारावरून ते स्वतःला लावून घेते. या घड्याळाची पेशीतली यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाप्रमाणे पहाटे दोन ते सहा ही वेळ सर्वांत मंदपणाची. शरीराचे तापमान उतरलेले असते, प्रतिक्रिया संथ होतात, निर्णय चुकतात. कितीही अनुभव असला तरी या वेळेतून कोणाची सुटका नाही.

लांब पल्ल्याच्या वैमानिकाचे हे घड्याळच जागेवर राहत नाही. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे आहे. शरीर साधारणपणे दिवसाला एक तास या वेगाने नव्या वेळेशी जुळवून घेते. म्हणजे तिथे जुळेपर्यंत परतीचे विमान उभे! शिवाय हे घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा किंचित हळू चालते. त्यामुळे दिवस लांबवणे, म्हणजे पश्चिमेकडे जाणे, त्याला सोपे जाते आणि पूर्वेकडे येणे जड जाते. मुंबईकराला त्रास होतो तो लंडनला जाताना कमी, घरी आल्यावर जास्त. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा असे आपण म्हणतो. पण घड्याळ चुकले की पंचतारांकित हॉटेलच्या गादीवरही डोळा लागत नाही.

मग देशांतर्गत मार्ग बरे? तसेही नाही. लांबच्या उड्डाणात तीन-चार वैमानिक असतात, पाळीपाळीने आडवे होण्यासाठी विमानात शय्या असते आणि उतरणे एकदाच. इथे दिवसात चार चार वेळा उड्डाण आणि उतरणे, प्रत्येक वेळी पूर्ण एकाग्रता, आणि सकाळी सहाच्या विमानासाठी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात उठणे. उलव्याच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्यापूर्वी नेरुळच्या वैमानिकाला वाशीची खाडी ओलांडून अंधेरी गाठावी लागे, तो वेळही झोपेतूनच जाई.

मी त्यांना कौल दिला नाही, एक वही घ्यायला सांगितली. चार आठवडे रोज लिहायचे : किती वाजता आडवे झालो, झोप कधी लागली, कधी उठलो, कामाला कधी निघालो. एक महिन्याने वही आली. अठ्ठावीसपैकी अकरा दिवस ते पहाटे तीनच्या आसपास उठले होते, आणि त्या रात्रींची झोप कुठेच पाच तासांच्या वर नव्हती. "आठलाच दिवा मालवतो, पण अकरापर्यंत जागाच," ते म्हणाले. हा त्यांचा दोष नव्हे. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत जागे असते. त्या वेळी झोप हुकमाने येत नाही. म्हणूनच गोळी आली होती.

म्हणजे 'देश की परदेश' हा प्रश्नच अपुरा. खरा प्रश्न, महिन्यातल्या किती रात्री तुमच्या स्वतःच्या आहेत, हा.

याचे दुःखद उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला धावपट्टी सोडून दरीत कोसळले. १५८ जण गेले, आठ वाचले. चौकशीत असे दिसले की उड्डाणाचा बराचसा काळ कॅप्टन झोपलेले होते. ध्वनिमुद्रणात घोरणे ऐकू येत होते. विमान चुकीच्या उंचीवर असताना सहवैमानिकाने उतरणे सोडून देण्यास सांगितले, तरीही ते पुढे नेले गेले. गाढ झोपेतून उठल्यावर काही वेळ मेंदू पुरता जागा नसतो, याची चौकशी अहवालाने दखल घेतली. हे उड्डाण काही न्यूयॉर्कचे नव्हते, जेमतेम चार तासांचेही नव्हते. पण ते रात्रीचे होते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि रात्रीच्या कामात जास्तीत जास्त सहाऐवजी दोनच वेळा उतरणे. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. त्या डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि तिला काही काळ सवलत द्यावी लागली. प्रवासी चिडले, ते साहजिकच. पण वैमानिकाची विश्रांती ही त्याची चैन नसून आपली सुरक्षितता आहे, हे त्या गर्दीत फार थोड्यांना आठवले.

आमच्या कॅप्टननी काय केले? गोळी बंद केली आणि विमानसेवेच्या वैद्यकीय तपासनीसांना सगळे मोकळेपणाने सांगितले. वहिनींनी घोरण्याची तक्रार केल्यामुळे रात्रीच्या झोपेची तपासणीही करून घेतली. झोपेत श्वास अडत असेल तर कोणताही मार्ग वाईटच. सुदैवाने तसे निघाले नाही. कंपनीकडे त्यांनी दुपारच्या पाळ्या मागितल्या आणि काही मिळाल्या. मोठ्या विमानाची संधी यंदा सोडली. मुलीची दहावी झाली की पुन्हा वही उघडू, असे ठरले.

ही वही केवळ वैमानिकांसाठी नाही. तुर्भ्याच्या बाजारात पहाटे गाड्या उतरवणारे माथाडी, औद्योगिक वसाहतीतले तीन पाळ्यांचे कामगार, न्हावाशेव्याचे कंटेनरचालक, ऐरोलीत रात्री संगणकापुढे बसणारी मुले, हे सगळे याच घड्याळाशी झगडत असतात. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रात्रपाळीआधी दुपारी दीड तास झोपा. पाळीत झापड आली तर वीस मिनिटेच डोळे मिटा, आणि उठल्यावर अर्धा तास जोखमीचे काम नको. झोपण्याआधी सहा तास चहा-कॉफी बंद. सकाळी घरी जाताना गडद चष्मा लावा, जमल्यास गाडी स्वतः चालवू नका. खोलीला जाड पडदे लावा, दाराची घंटा बंद ठेवा, आणि दूधवाल्याला दूध शेजारी द्यायला सांगा. झोपेची गोळी दुकानदाराच्या सल्ल्याने कधीही घेऊ नका.

परवा कॅप्टन सहज भेटले. म्हणाले, "डॉक्टर, काल रात्री सात तास झोपलो. वहीत लिहिलंय." माझ्या मते ही नोंद त्यांच्या लॉगबुकातल्या कोणत्याही नोंदीइतकीच महत्त्वाची आहे.