साखरेचा आजार : चालावे किती आणि किती वेगाने?

“आम्ही जन्मभर शेतात राबणारी माणसे, आम्हाला मधुमेह कसा होईल?” असे पुष्कळ शेतकरी बांधव विचारतात. पण राबणे आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, बैलांच्या नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला. सुगीत अंग मोडून काम, आणि पुढे कित्येक आठवडे कट्ट्यावर बसणे. ताटातला भात व चहातली साखर मात्र तेवढीच आहे.

प्रथम बिघाड समजून घेऊ. जेवणातली साखर रक्तात उतरते. ती स्नायूंत शिरावी म्हणून इन्शुलिन किल्लीसारखे काम करते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती व यकृतात चरबी साठली की कुलूप गंजल्यासारखे होते. किल्ली असून फिरत नाही. ही चरबी वरून दिसेलच असे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची व एका इंग्रज सहकारी डॉक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून सडपातळ माणसानेही कमरेचा घेर मोजावा. पुरुषांचा ९० व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर रक्त तपासून घ्यावे.

आता धावावे की चालावे? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने मधुमेह नसलेल्या, पण स्थूल व बैठ्या माणसांवर हे पाहिले. काहींनी आठवड्यास सुमारे १९ किलोमीटर झपाझप चालावे, काहींनी तेवढेच अंतर धावावे, आणि काहींनी ३२ किलोमीटर धावावे, असे ठरले. २००४ साली निष्कर्ष आला. १९ किलोमीटर धावणाऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांचे इन्शुलिन अधिक चांगले काम करू लागले. ३२ किलोमीटर धावणाऱ्यांइतकेच. कारण चालण्यास वेळ जास्त लागतो, स्नायू अधिक काळ कामात राहतात. पोटातील चरबी मात्र ३२ किलोमीटर धावणाऱ्यांचीच घटली. चालणाऱ्यांची वाढायची थांबली, आणि नुसते बसून राहिलेल्यांची वाढली.

तेव्हा आपण काय करावे?

१. आठवड्यात निदान १५० मिनिटे भरभर चालावे. वेग असा, की जपमाळेची प्रार्थना बोलता यावी, पण गीत गाता येऊ नये.

२. व्यायामाचा गुण एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून लागोपाठ दोन दिवस खाडा नको, सुगी संपल्यावर तर मुळीच नको.

३. अनवाणी चालू नये. रोज रात्री तळपाय पाहावेत. मधुमेह्याला जखम कळेलच असे नाही.

४. इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबून ती खावी. छातीत दुखल्यास ताबडतोब डॉक्टर गाठावा. औषध मनाने बंद करू नये.

५. उपवासकाळात गोळी घेऊन उपाशीपोटी चालू नये. आजाऱ्यावर ख्रिस्तसभेने उपवासाची सक्ती केलेली नाही.

शेत पड टाकले तर त्यात तण माजते, हे तुम्हाला सांगायला नको. शरीरही परमेश्वराने आपल्या हाती राखायला दिलेले वावरच आहे. त्याची मशागत रोज अर्धा तास मागते, एवढेच.