उठताना घेरी का येते?

मागच्या ज्येष्ठातली गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई पहाटे लघवीला उठल्या, दाराची कडी काढेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि उंबऱ्यावरच पडल्या. मनगट मोडलं. खुबा मोडला असता तर अंथरूणच धरलं असतं. “वय झालं, घेरी यायचीच,” असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले, आणि तिथंच चुकले.

आपण झोपलेलं उठून उभं राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. तरुणपणी शिरा लगेच आवळतात, हृदय वेग घेतं, डोक्याला रक्त पोचत राहतं. म्हातारपणी हे काम मंदावतं. त्यात बरीच वर्षं साखरेचा आजार असेल, बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, अंगात पाणी कमी असेल, तर घेरी येते. भरपेट जेवून किंवा कढत पाण्यानं अंघोळ करून उठल्यावरही येते.

आमच्या घरचं कारण वेगळंच निघालं. संडास अंगणापलीकडे, वाटेत दिवा नाही. रात्री उठायला नको म्हणून सासूबाई दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या! वर एकादशी. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना एकदा विचारून बघा. पाणी दिवसभर थोडं थोडं द्यावं. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी मोजून सांगितलं असेल तर तेवढंच. शेजारणी मिठाचं पाणी पाजायला सांगतात. बीपीच्या माणसाला ते विचारल्याशिवाय देऊ नका.

उठताना आधी कुशीवर व्हावं, मग खाटेच्या कडेला पाय सोडून बसावं. पावलं वर-खाली हलवावीत, मुठी आवळाव्यात. दोन-तीन मिनिटांनी काहीतरी धरून उभं राहावं आणि डोकं स्थिर वाटल्यावरच पाऊल टाकावं. अंधारी आलीच तर लाज न धरता जागच्या जागी खाली बसावं.

आणखी एक. शिबिरात खुर्चीवर बसवून बीपी घेतात, तो चांगला दिसतो. उपकेंद्रातल्या सिस्टरना सांगा, पाच मिनिटं आडवं झोपवून घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा, सगळ्या गोळ्या सोबत न्या. गोळी मनानं बंद करू नका. बीपी चढून लकवा होऊ शकतो. सासूबाईंचा बीपी 24 ने उतरला होता. डॉक्टरांनी एक गोळी बदलली.

बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, छातीत दुखलं, शुद्ध गेली किंवा डोक्याला मार लागला तर वाट न बघता 108 ला फोन करा.

अंगणात आम्ही दिवा लावला. सासूबाई आता खाटेवर बसून पावलं हलवतात, मोठ्यानं मोजतात. पहाटे घरातल्या सगळ्यांची झोप मोडते, पण कुणी काही बोलत नाही.